सहा घंटा, सहा आकडे: सुरांच्या कोड्यातून रानातल्या डब्यापर्यंत

ध, प, म, ग, रे, सा.

इंग्लंडच्या वुस्टरशर भागातल्या एखाद्या खेड्यात, सरावाच्या संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्याखाली उभं राहिलं की आधी हा अवरोह ऐकू येतो. सहा घंटा, सर्वांत उंच सुराची पहिली, सर्वांत खर्जातली शेवटची. थोड्या वेळाने क्रम हलायला लागतो. प आधी येतो, ध मागे सरकतो, ग म ची जागा घेतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, वाजवणाऱ्यांचा ताळमेळ सुटला. पण ताळमेळ पक्का होता. त्या माणसांच्या डोक्यात त्या वेळी सूर नव्हते, आकडे होते.

हेच आकडे वापरून कुणी एखाद्या कुंपणाच्या बुंध्याशी लपवलेल्या डब्याचा पत्ता सांगू शकतो. सुरांवर रचलेल्या जिओकॅशिंगच्या वाटा असतात त्या अशा. गाणं ऐकायचं, त्यातून आकडे काढायचे, त्या आकड्यांच्या मागे शेतांतून चालत जायचं. हे नेमकं चालतं कसं, ते सांगते.

आधी खेळाविषयी थोडं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे हातातलं यंत्र सुमारे शंभर मीटर इकडेतिकडे दाखवायचं. ती मिसळलेली चूक त्या महिन्याच्या सुरुवातीला काढून टाकली गेली आणि अचूकता एकदम दहा-वीस मीटरवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि शोधायला या म्हणून सांगितलं. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, एवढाच नियम. तीन दिवसांत ती सापडली. आज जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत. अशा डब्याला ‘कॅश’ म्हणतात. लपवणं या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो शब्द आला, रोकडीशी त्याचा संबंध नाही. गोंधळ नको म्हणून मी पुढे ‘डबा’च म्हणेन.

इंग्लंडच्या माळरानाला ही कल्पना नवी नव्हती. डार्टमूरच्या दलदलीत क्रॅनमिअर पूल नावाच्या आडवाटेच्या जागी जेम्स पेरॉट या वाटाड्याने १८५४ मध्ये एक बाटली ठेवली होती. तिथवर पोहोचलेल्या माणसाने आपलं कार्ड त्यात टाकून यायचं. मी इथे येऊन गेलो, हे पुढच्याला कळावं ही ओढ उपग्रहांच्या कितीतरी आधीची आहे.

साध्या डब्याचा पत्ता नकाशावर उघड असतो. कोड्याच्या डब्याचं तसं नसतं. नकाशावर त्याचं निळं प्रश्नचिन्ह दिसतं, पण त्या जागी डबा नसतो. खरी जागा कोडं सोडवल्यावर मिळते आणि ती त्या चिन्हापासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आतच असावी लागते. चिन्ह कुठेही ठेवायची मोकळीक असल्यामुळे काही रचनाकार वीस-तीस प्रश्नचिन्हांची नकाशावर आकृती काढतात. सुरांच्या वाटेत ती ट्रेबल क्लेफची, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत ओळीच्या सुरुवातीला येणाऱ्या वळणदार चिन्हाची, असू शकते. डबे प्रत्यक्षात मात्र शेताच्या बांधांवर, फाटकांच्या खांबांशी, ओढ्यावरच्या लाकडी पुलाखाली पसरलेले असतात, एकमेकांपासून किमान १६१ मीटर अंतरावर.

आता पत्त्याकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे. या खेळात पत्ता अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग.) वुस्टरशरमधल्या मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवरचा एखादा बिंदू उत्तर ५२° ०६.५३६, पश्चिम ००२° २०.१४२ असा दिसेल. मोजले तर पंधरा आकडे. एका गाण्यातून पंधरा आकडे काढायचे म्हणजे अवघडच, असं कुणालाही वाटेल.

पण ३.२ किलोमीटरचा नियम इथे आपल्या बाजूने उभा राहतो. एक मिनिट अक्षांश म्हणजे १,८५२ मीटर. वुस्टरशरच्या अक्षांशावर रेखांशाचं एक मिनिट साधारण १,१४० मीटर भरतं. म्हणजे खरी जागा चिन्हापासून उत्तर-दक्षिण पावणेदोन मिनिटांच्या आणि पूर्व-पश्चिम तीन मिनिटांच्या आतच असणार. अंश तर ठरलेलेच, मिनिटांचे पूर्णांकही जवळजवळ ठरलेले. उरतात ते दशांश चिन्हानंतरचे तीन आणि तीन, असे सहा आकडे. अशा वाटेवर तुम्ही खऱ्या अर्थाने एवढेच शोधत असता. हे एकदा कळलं की गाण्याकडे बघायची नजरच बदलते, कारण आता एकच प्रश्न उरतो: इथे सहा गोष्टी कुठे आहेत?

सुरातून आकडा काढायच्या काही सोप्या तऱ्हा आहेत. सर्वांत सोपी म्हणजे स्वरांना क्रमांक. सा एक, रे दोन, असं नी सातपर्यंत, तार सा आठ, तार रे नऊ. शून्य म्हणजे विश्रांती, एक मात्रा गप्प. चीनमध्ये स्वरलिपी अशीच आकड्यांत लिहितात आणि तिथेही विरामाला शून्यच असतं. त्यामुळे ही पद्धत रचनाकाराला शोधून काढावी लागली नाही. लय वापरायची तर मोर्स, म्हणजे तारायंत्राची सांकेतिक लिपी असते. लांब आणि आखूड स्वर, पाच-पाचच्या गटांत. एक आखूड नि चार लांब म्हणजे एक, पाचही आखूड म्हणजे पाच. कधी आवाजाची फाईल दिलेली असते आणि ती कानाला निव्वळ खरखर वाटते. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती उघडून वर्णपटाचं दृश्य (स्पेक्ट्रोग्राम) लावलं की त्या खरखरीतून अक्षरं उमटतात. या प्रकाराचं मला फारसं कौतुक नाही. तिथे कानाला काही काम नसतं, संगीत नुसतं वेष्टन म्हणून येतं.

याहून मला आवडते ती कंपनसंख्येची तऱ्हा. समजा, फाईलमध्ये दोनच लांब सूर आहेत. हार्मोनिअमवर शोधलं तर पहिला मधल्या सप्तकातल्या पांढरी सहाशी जुळतो आणि दुसरा पांढरी पाचशी. पांढरी सहा म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, पांढरी पाच म्हणजे ३९२. तीन आकडे आणि तीन आकडे. उत्तर ०६.४४०, पश्चिम २०.३९२. तंबोरा जुळवायला फोनवर ट्यूनर वापरणाऱ्या कुणालाही हे दोन मिनिटांत सुटेल. यातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तुमचं यंत्र तीन कंपनांनी चुकलं, ४४० ऐवजी ४४३ म्हणालं, तरी जमिनीवर तुम्ही साडेपाच मीटरच सरकता. तेवढं तर झाडाखाली जीपीएसही चुकतं. थोडं बेसूर ऐकणाऱ्यालाही हे कोडं सांभाळून घेतं.

घंटांचं कोडं असं सांभाळून घेत नाही. आणि इंग्लंडच्या खेड्यात सुरांचं कोडं रचायचं तर ते घंटांचंच असावं, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण त्या घंटांच्या यंत्रणेत आहे. तिथे प्रत्येक घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला बांधलेली असते आणि तोंड वर करून उभी केलेली असते. दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरून पुन्हा तोंड वर करून थांबते. एका दोराला एक माणूस. शेकडो किलो धातू फिरत असतो, त्यामुळे वाजवणाऱ्याला तिचा वेग थोडासाच कमीजास्त करता येतो. मनात येईल तो सूर मनात येईल तेव्हा वाजवणं अशक्यच असतं, म्हणून या मनोऱ्यांतून सहसा ओळखीच्या चाली निघत नाहीत. जमतं ते एवढंच: या फेरीत तुझ्या पुढे वाजलेल्या घंटेशी जागा बदल, किंवा मागच्या घंटेशी बदल, किंवा आहेस तिथे राहा. एका फेरीत एकच घर.

या मर्यादेतून सतराव्या शतकापासून एक आख्खी कला उभी राहिली. सर्वांत उंच सुराची घंटा एक क्रमांकाची, सर्वांत खर्जातली सहा. सहा घंटा मेजर सप्तकात, म्हणजे आपल्या बिलावलात, लावलेल्या असल्या तर एक म्हणजे ध, दोन प, तीन म, चार ग, पाच रे, सहा सा. वाजवणारे स्वर लिहीत नाहीत, आकड्यांच्या ओळी लिहितात. सर्वांत सोपा प्रकार असा:

१२३४५६
२१४३६५
२४१६३५
४२६१५३
४६२५१३
६४५२३१
६५४३२१

पहिल्या ओळीतून दुसरीत जाताना तिन्ही जोड्या उलटतात. दुसरीतून तिसरीत जाताना कडेच्या दोघी जागच्या जागी राहतात आणि मधल्या दोन जोड्या उलटतात. मग पुन्हा तिन्ही, पुन्हा मधल्या दोन. एक क्रमांकाची घंटा कशी हळूहळू मागे चालत जाते ते पाहा. एकेक घर सरकत ती शेवटाला पोहोचते, तिथे एक फेरी थांबते आणि परतीला लागते. सहाच्या सहा जणी हेच करतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणाहून निघून.

प्रत्येक ओळीत सहा आकडे. आपल्याला हवे होते तेवढेच.

समजा, कोड्याच्या फाईलमध्ये पहिल्या तीन ओळी वाजतात आणि खाली एवढंच लिहिलेलं आहे: ‘नवव्या वेळी मी दारात असेन.’ नियम कळला असेल तर पुढच्या ओळी कागदावर काढता येतात. सातवी ६५४३२१, आठवी ५६३४१२, नववी ५३६१४२. स्वरांत म्हणायचं तर रे म सा ध ग प. म्हणजे उत्तर ५२° ०६.५३६, पश्चिम ००२° २०.१४२, वर उदाहरण म्हणून दिलेला बिंदू. (तिथे डबा नाही. तो मी समजावण्यापुरता घेतला आहे.) पण लिहिताना पाच आणि तीन यांची अदलाबदल झाली, ५३६ च्या जागी ३५६ आलं, तर तुम्ही ३३३ मीटर दक्षिणेला कुणाच्या तरी मेंढ्यांमध्ये उभे असाल. कंपनसंख्येच्या कोड्यात चूक लहान राहते, क्रमाच्या कोड्यात ती पहिल्याच आकड्यात घुसते. हा फरक लक्षात ठेवून चांगला रचनाकार क्रमाच्या कोड्याबरोबर ताळा देतो. उदाहरणार्थ, ‘पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे.’ ही अदलाबदल पकडायला एवढं एक वाक्य पुरतं.

सहा घंटांचे सगळे क्रम ७२० होतात. सात घंटांचे ५,०४०, आणि ते वाजवायला सुमारे तीन तास लागतात. आठ घंटांचे ४०,३२० क्रम १९६३ मध्ये लफबरो इथे आठ जणांनी वाजवले. जवळजवळ अठरा तास, मध्ये कुणीही बदली नाही.

५,०४० हा आकडा वाचून ज्यांना काही आठवलं असेल, त्यांनी बहुधा मेरुखंडाविषयी, म्हणजे स्वरांचे सगळे उलटसुलट क्रम मांडण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीविषयी, ऐकलेलं आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव हिशेबखात्याचे प्रमुख होते. त्यांच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात सात स्वरांच्या ५,०४० ताना येतात आणि त्या कोणत्या क्रमाने मांडायच्या याची रीतही येते. तीन स्वरांपुरती ती रीत अशी दिसते: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. पहिली ते सहावी, ठरलेल्या क्रमाने.

शार्ङ्गदेव एवढ्यावर थांबत नाहीत. दोन उलटसुलट प्रश्न ते सोडवून दाखवतात. तान क्रमांकाने सांगितली तर ती तान कोणती, या प्रश्नाला ‘नष्ट’ म्हणतात. तान गाऊन दाखवली तर तिचा क्रमांक कितवा, याला ‘उद्दिष्ट’. त्यासाठी खंडमेरू नावाचं एक कोष्टक आहे. त्यातली खडे ठेवलेली घरं बेरजेला घेतली की उत्तर मिळतं, सगळी यादी लिहीत बसावं लागत नाही. पुढे मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने मेरुखंड गायकीत आणला, तो आलापी फुलवण्यासाठी. पण नष्ट आणि उद्दिष्ट या दोन शब्दांत कोडं घालणं आणि कोडं सोडवणं दोन्ही आलं. रचनाकाराकडे आकडा असतो, तो तान शोधतो. चालणाऱ्याकडे तान असते, त्याला आकडा हवा असतो. सहा स्वरांच्या तानेचा क्रमांक एक ते ७२० च्या मध्ये पडतो, म्हणजे तीन आकड्यांत बसतो. दोन ताना गायल्या की एका डब्याचा पत्ता पुरा. अशा पद्धतीचं कोडं मी अजून कुठे पाहिलेलं नाही, आणि कुणीतरी ते रचावं असं मला मनापासून वाटतं.

वुस्टरशरमध्येच थांबायचं आणखी एक कारण आहे. एडवर्ड एल्गार हे इंग्लंडचे मोठे संगीतकार १८५७ मध्ये वुस्टरजवळच्या ब्रॉडहीथ खेड्यात जन्मले. वडील पियानो जुळवत आणि वुस्टरला वाद्यांचं दुकान चालवत. एल्गारना कोड्यांचं वेड होतं. गेज आडनावाच्या दोन बहिणींना ते व्हायोलिन शिकवत. त्यांच्यासाठी १८८५ मध्ये त्यांनी एक रचना केली, तिचं बीज होतं जी-ई-डी-जी-ई, बहिणींच्या आडनावाचं स्पेलिंगच. आपल्या सरगमीत पगरेपग. १८९९ च्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’मध्ये चौदा भाग आहेत, बहुतेक मित्रमंडळींपैकी एकेकासाठी, आणि या सगळ्यावरून एक मोठी चाल ‘जाते’ पण ती वाजत नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं. ती चाल कोणती, यावर आजही एकमत नाही.

पण डबा लपवणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावं असं त्यांचं कोडं वेगळंच आहे. १४ जुलै १८९७ ला त्यांनी डोरा पेनी या तरुण मैत्रिणीला एक चिठ्ठी पाठवली. तीन ओळी, ८७ चिन्हं. प्रत्येक चिन्ह एक, दोन किंवा तीन अर्धवर्तुळांचं, आठांपैकी एका दिशेला वळलेलं, म्हणजे एकूण चोवीस प्रकार. डोराला ते कधीच सुटलं नाही. त्यानंतर अनेकांनी उत्तरं काढली, पण सगळ्यांना पटेल असं एकही नाही. अडचण अशी की ८७ चिन्हं फार थोडी आहेत आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे तपासायला चिठ्ठीत काहीच नाही. कोडं घालणाऱ्याला वाटत राहतं की समोरच्याला हे सहज कळेल. एल्गारनाही तसंच वाटलं होतं.

म्हणूनच जिओकॅशिंगमध्ये चांगल्या कोड्याखाली तपासणीची सोय असते. काढलेले आकडे तिथे भरले की बरोबर की चूक एवढं कळतं. रचनाकाराचा आळस झाकायला ही सोय नाही. चुकीच्या उत्तरावर विसंबून दहा माणसं एखाद्या शेतकऱ्याचं कुंपण उचकत बसू नयेत, म्हणून ती आहे.

कोडी घरी सोडवायची, पाऊस असेल तेव्हा. मग एखादा कोरडा दिवस निवडून सगळी वाट एकदम चालायची. साधारण अशी वाट गोल असते, गाडी ठेवायच्या जागेपासून निघून तिथेच परत येणारी. प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आत एकेक आकडा लिहिलेला असतो. ते सगळे गोळा केले की शेवटच्या बक्षिसाच्या डब्याचा पत्ता तयार होतो. झाकण उघडून आतल्या कागदावर नुसती सही करून पुढे पळणारा इथे अडकतो, मग त्याला चार किलोमीटर मागे यावं लागतं. पेन आपलं न्यायचं. बऱ्याच डब्या करंगळीएवढ्या असतात, त्यांत कागदाची सुरळी कशीबशी मावते.

इंग्लंडमध्ये खाजगी शेतांतूनही सार्वजनिक पायवाटा जातात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही चालेल. फाटक लावलेलं मिळालं तर लावूनच पुढे जायचं. नेटल नावाची झोंबणारी वनस्पती कमरेएवढी वाढलेली असते, तेव्हा जूनमध्येसुद्धा लांब पँट घालावी. डबा जमिनीत पुरलेला कधीच नसतो, त्यामुळे खणायचं नाही. चुना-मातीशिवाय नुसत्या रचलेल्या दगडी कुंपणातही तो नसतो. एक दगड काढला की शेजारचे चार ढासळतात, म्हणून तिथल्या खेळाडूंच्या संघटनेने ते वर्ज्यच केलं आहे. ‘ब्रिटिश कॅम्प’ या मॉल्व्हर्नच्या प्राचीन टेकडी-किल्ल्यासारख्या संरक्षित जागी डबा ठेवायचा नाही. हा नियम आपल्या गडांनाही लागू पडावा.

इकडे महाराष्ट्रात हे करायचं मनात असेल तर दोन गोष्टी. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगा. फोनमधलं साधं जीपीएस चालतं. आणि बेवारस डबा आपल्याकडे भीती निर्माण करतो, तसं होणं योग्यही आहे. त्यापेक्षा डब्याशिवायचा प्रकार बरा. अॅपमध्ये साधारण पाच थांबे, प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर तिथे उभं राहूनच उत्तर देता येईल असा एक प्रश्न. देवळातल्या घंटेचा सूर कोणता, हा प्रश्न मला तिथे ऐकायला आवडेल.

तोवर मेरुखंडाचं एक छोटं कोडं ठेवते. वर तीन स्वरांच्या सहा ताना क्रमाने दिल्या आहेत, त्यांतून एकेक आकडा काढा. मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर सर्वांत उंच माथा वुस्टरशर बीकनचा. त्याची मीटरमधली उंची अशी: गसारे, रेसाग, रेगसा. उत्तर कुठल्याही नकाशावर तपासता येईल.